लॅमिनेशनच्या दारातून परतलेलं घुबड

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. लगेच उठून जाऊ नका, माझ्यावर घुबड आहे.

माझा जन्म कॅनडाच्या पार उत्तरेला, फ्रिज बंद पडला तरी कुणाला कळत नाही अशा एका इन्युइट लोकांच्या गावात झाला. माझी आई पानिक. तिची चित्रं जगभरच्या संग्रहालयांत गेली. ती स्वतः मात्र मासे पकडायला जायची. तिने सपाट दगडावर घुबड कोरलं, शाई लावली, वर मला अंथरलं आणि पाठीवरून हाताने घासत घासत ते माझ्यावर उतरवलं. ठरलेल्या प्रती निघाल्या की दगड तासून टाकायचा, ही तिथली रीत. आता तो दगड नाही, पानिकही नाही. उरलो आम्ही कागद.

ओमानला मी एका कॅनेडियन साहेबासोबत आलो. देश सोडताना त्याने मला आपल्या ऑफिसातल्या इंजिनिअर सदानंदांना भेट म्हणून दिलं. अल् घुब्रा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माझं फार कौतुक झालं, आणि कौतुकानेच घात केला. गावी वाळवीने सदानंदांच्या वडिलांचा, आबांचा, एकुलता एक फोटो खाल्ला होता. तेव्हापासून आवडती वस्तू दिसली की ते ती लॅमिनेट करतात. लग्न झाल्यावर त्यांच्या बायकोला, प्रमिलाताईंना, काही दिवस धास्तीच होती.

एका संध्याकाळी ते मला घेऊन सिराजच्या झेरॉक्सच्या दुकानात निघाले. मुलगी प्रणाली मागोमाग.

"पप्पा, प्लीज नको! पेपरला पण ब्रीद करायचं असतं."

"एसी आहे की घरात."

"मी स्कूलमध्ये प्रोजेक्ट केला ना पानिकवर! प्लास्टिक चिकटलं की परत निघत नाही. आणि दुसरा प्रिंट पण नाही निघणार."

"म्हणूनच तर! वाळवी लागली म्हणजे?"

"साब, मशीन गरम हो गया," सिराज म्हणाला. "यल्ला, जल्दी!"

प्रणालीने मला उलटं केलं. "हे बघा. तिचा हँड."

पानिकचा हात जिथे जिथे फिरला, तिथे माझी पाठ अजून चकाकते. सदानंदांनी त्या चकाकीवर बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"आमच्या आबांचं असं काहीच राहिलं नाही," ते म्हणाले. मग सिराजकडे वळले. "खलास, भाई. रहने दो."

"और मशीन?"

मशीनचा मान राखायला त्यांनी खिशातली सुपरमार्केटची जाहिरात लॅमिनेट करून घेतली. कांदे स्वस्त झाल्याची ती बातमी आता आपल्या सर्वांपेक्षा जास्त जगेल.

मी मात्र काचेमागे, उन्हापासून लांब, पॅसेजच्या भिंतीवर आहे. मित्रांनो, कुणाला जपायला निघालात तर आधी त्याला जरा उलटून पाहा. पाठीवर कुणाचा हात असेल, तर तो झाकू नका.