मिनिस्टरची थाळी

मी एक जुनी एनॅमलची थाळी आहे. पांढरी, निळ्या काठाची. मित्रांनो, सध्या मी आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात एका घरामागं कोथिंबिरीच्या कुंडीखाली पाणी धरून बसते. हे काही मानाचं पद नव्हे. पण निवृत्तीनंतर पुष्कळांना एवढंही मिळत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथली फक्त भट्टीची धग आठवते. शुद्धीवर आले ती ह्या बेटावर, कांप दे मास्क गावच्या चिनी दुकानात, खारवलेल्या माशांशेजारी. तिथून चंद्रावतीआजींनी मला घरी आणलं. त्यांचा धाकटा मुलगा देवराज माझ्यात जेवून शाळा शिकला आणि सरकारी नोकरीला लागला. "ह्या थाळीचा पायगुण चांगला," असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मला पाय नाहीत, पण कोणी स्तुती करत असताना चुका काढू नयेत.

पंच्याहत्तरच्या वादळात घराचे पत्रे उडाले, मी फळीवरून पडले आणि काठाजवळचा टवका गेला. पुढं बिऱ्हाड व्हाकोआला आलं. विद्यावती सूनबाईंबरोबर स्टीलची भांडी आली आणि माझी बदली कुत्र्याकडं झाली.

कुत्रा तांबडा, एक कान पडलेला. नाव मिनिस्टर. गल्लीतल्या प्रत्येक दारात जेवायचा आणि कामाच्या वेळी दिसायचा नाही, म्हणून. खरं सांगते, ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. व्हाकोआची बारीक झिमझिम, मागच्या दारातला उजेड आणि त्याची गरम जीभ. माणसांनी मला नुसतं धुतलं. लख्ख केलं ते त्यानं.

मग ती गणेशचतुर्थी आली. घरात आठवडाभर मासमच्छी बंद. मिनिस्टरचीही बंद, कारण त्याच्यापुरतं माशाचं डोकं शिजवणार कोण? त्यातच लंडनच्या थोरल्या मुलानं, गोवर्धननं, कोणाबरोबर तरी चॉकलेट पाठवलं. काळंभोर, विटेसारखं जाड. विसर्जनाच्या सकाळी ते हातात घेऊन आजींनी विचारलं, "ह्यात अंडं हाय का?"

देवराजनं वेष्टन उलटसुलट वाचलं. "अंड्याचं नाव नाय, आई."

"नाव नसलं म्हंजे नसतंय? तुज्या हापिसात नाव असतंय, मानूस नसतंय."

"मग टाकून देऊ?" विद्यावतींनी विचारलं.

"आयो! बाप्पाच्या दिवसांत अन्न टाकतेस? दे त्या मिनिस्टरला. त्याला कुठला उपास?"

अशा रीतीनं धर्म पाळला गेला, अन्न वाया गेलं नाही आणि पाप कोणालाच लागलं नाही. अख्खं चॉकलेट माझ्यात पडलं. भाताला कंटाळलेल्या मिनिस्टरनं ते शेपूट हलवत संपवलं.

दुपारी तो घटाघटा पाणी प्यायला आणि ओकला. मग त्याला एका जागी बसवेना. धापा टाकत तो अंगणभर फिरू लागला, पाय थरथरू लागले. आजींनी मीठमिरच्या ओवाळल्या. देवराजनं शेजारच्या बलरामना गाठलं. "उंदराचं औषध टाकलंस का रे?"

"मी? तुझ्या कुत्र्याला रोज रोटी मी घालतो, आणि मलाच विचारतोस?"

बलराम रागावले, आणि रागातच मोटार काढून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी मिनिस्टरच्या छातीवर हात ठेवला. "की लिन मांजे? काय खाल्लं यानं?"

"डाळभात," आजी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. चॉकलेट म्हणजे लेकरांचा खाऊ. अशा वेळी त्याचं नाव कोणाला सुचणार?

मग डॉक्टरांनी मला उचललं. टवक्याच्या खाचेत, जिथं जीभ पोचत नाही, तिथं एक काळा कण होता. त्यांनी तो हुंगला.

"चॉकलेट! आजी, कुत्र्याला हे विष. जितकं काळं तितकं वाईट. आपल्याला पचतं, पण त्याच्या रक्तात रेंगाळतं आणि काळजाचे ठोके वाढवतं. ह्याला उतारा नाही. कोळशाची भुकटी पाजू, पोटात उरलेलं विष त्यात अडकेल. बाकी वाट पाहायची."

काळा चिखल माझ्यात कालवला गेला. मिनिस्टरनं तोंड फिरवलं. बाहेर ढोल वाजू लागले.

"आई, लोक नदीवर निघाले," देवराज म्हणाला.

"जावा तुमी."

आजींनी विसर्जन कधी चुकवलं नव्हतं. त्या ओल्या जमिनीवर बसल्या, बोट कोळशात बुडवलं आणि स्वतः चाटलं. "बघ, मी खाल्लं. आता तू खा रं, बाबा." ह्यात अंडं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

मिनिस्टरनं त्यांचं बोट चाटलं. मग थोडं थोडं करत थाळी संपवली.

सकाळी तो डगमगत उठला. पुढं बरीच वर्षं जगला, आणि म्हातारपणानं गेला. मग मला ही कुंडी मिळाली.

मित्रांनो, मिनिस्टर वाचला. सगळे वाचत नाहीत. तुमच्या कुत्र्यानं चॉकलेट खाल्लं, तर तो थरथरू लागेपर्यंत थांबू नका. लगेच डॉक्टरांना गाठा, आणि काय दिलं ते न लाजता सांगा. तुम्ही वेष्टन वाचता, हुंगता, चार प्रश्न विचारता आणि मग खाता. कुत्रा थाळीत काय आहे ते बघत नाही. कोणी वाढलं, तेवढंच बघतो.