टाकीत मी स्वतः उतरतो

मित्रांनो, माझ्या पोटात अक्षरांची भोकं आहेत. मला भिंतीला टेकवून वरून लाल रंगाचा स्पंज फिरवला, की माझ्यामागे एका माणसाचं नाव उमटतं. लोक मला छापा म्हणतात. वयाने मी जेमतेम आठ वर्षांचा, पण एवढ्यातच गंजलो आणि कळव्याच्या एका घरात पोटमाळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. माझी हकिगत फार लांब नाही. शेवट मात्र वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मूळचा मी तेलाचा डबा. कल्याणला धोंडिबा नावाचे म्हातारे पाट्या रंगवत. त्यांनी मला उभा कापला, ठोकून सपाट केला आणि छिन्नीने एकेक अक्षर कोरलं. 'म'च्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून त्यांनी पत्र्याचे बारीक पूल ठेवले. ते पूल अजून शाबूत आहेत.

मला करून घेणारे धम्मपाल. त्यांनी एका ठेकेदाराच्या हाताखाली दहा वर्षं इमारतींच्या पाण्याच्या टाक्या साफ केल्या. टाकीत उतरायचे हे, शेवाळ खरवडायचे हे, आणि सोसायटीत नाव व्हायचं ठेकेदाराचं. कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या मुलीला, रचनाला, ते खुपायचं.

"पप्पा, उद्या काम सोडलंत तर तुम्हाला कोण ओळखणारे?" ती म्हणाली. "स्वतःचं नाव करा ना. आजकाल लोक नावच बघतात."

माझ्यावरचा मजकूर तिनेच कागदावर लिहून दिला. 'धम्मपाल. टाकीत मी स्वतः उतरतो.' खाली फोन नंबर, आणि त्याखाली तारखेसाठी मोकळी जागा.

सुरुवातीची वर्षं आठवली की अजून बरं वाटतं. धम्मपाल टाकी रिकामी करत, आत उतरून कोपरान्‌कोपरा घासत, औषध मारून धूत, आणि पाणी पुन्हा भरेपर्यंत गच्चीवर उन्हात बसून राहत. मग त्याच पाण्याचा पहिला ग्लास सगळ्यांसमोर स्वतः पीत. तो प्यायल्याशिवाय त्यांनी मला कधी पिशवीतून काढलं नाही. त्यांचे हात तोवर पाण्याने पांढरे पडून सुरकुतलेले असत. त्या ओल्या हातांमुळे रंग जरा फाकायचा, अक्षरांच्या कडा फुटायच्या. रचना कुरकुर करायची, "पप्पा, फोटो नीट येत नाही हो." धम्मपाल नुसते हसत.

वर्तकनगरच्या एका सोसायटीत दर्शनाताई राहत. तो ग्लास दर वेळी त्याच आणत, स्टीलचा, घासूनपुसून लख्ख. सोबत त्यांची सात वर्षांची मुलगी दीप्ती यायची. काका खरंच पितात का, हे ती डोळे बारीक करून बघायची, आणि मग माझ्या भोकांत बोट घालून अक्षरं गिरवायची. मला तिची फार सवय झाली होती.

हळूहळू नाव झालं. रचनाने मोबाइलवर पान काढलं, त्यावर प्रत्येक छापाचा फोटो टाकू लागली. डोंबिवलीतून बोलावणी आली, कल्याणहून आली. लोक गच्चीवर येऊन टाकीत डोकावेनासे झाले. छाप दिसला की त्यांचं समाधान व्हायचं. मीही फुगलो, खोटं कशाला सांगू? कोणाला आता ग्लासाची आठवण राहिली नाही, आणि धम्मपालांनीही करून दिली नाही.

मग तो मे महिन्यातला गुरुवार आला. वर्तकनगरच्या टाकीच्या पाण्याला आठवडाभर वास येत होता, म्हणून धम्मपालांना बोलावलं होतं. पण सेक्रेटरी विनीत सरांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"अहो, उद्या शटडाऊन आहे. चोवीस तास पाणी नाही. भरलेली टाकी आज रिकामी केली तर लोक मला खातील. परवा करा साफ."

"बरं, परवा येतो."

"पण आज संध्याकाळी मीटिंग आहे. वासाच्या तक्रारीवरून सगळे माझ्यावर तुटून पडणार. तुम्ही छाप तेवढा मारून द्या, मी फोटो ग्रुपवर टाकतो. परवा तुम्ही येणारच आहात."

धम्मपाल वर आले आणि त्यांनी मला काढलं. त्या दिवशी त्यांचे हात कोरडे होते. मला ते लगेच जाणवलं, पण पत्र्याला बोलता कुठे येतं? रंग जराही फाकला नाही. माझ्या आयुष्यात इतका सुबक छाप कधी उमटला नव्हता. रचनाच्या पानावरही तोच फोटो सगळ्यांत जास्त लोकांना आवडला.

परवा डोंबिवलीच्या मोठ्या संकुलाचं काम निघालं. तेरवा कल्याणचं. तारीख तर पडलीच आहे, बघू पुढच्या आठवड्यात, असं म्हणत धम्मपाल ते काम विसरूनच गेले.

दर्शनाताई त्या गुरुवारी कामावर होत्या. वास यायला लागल्यापासून त्या रोज पाणी उकळत. रात्री त्यांनी ग्रुपवर फोटो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून उकळणं बंद केलं.

आठव्या दिवशी विनीत सरांचा फोन आला. इमारतीत पाच मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते, दीप्ती दवाखान्यात होती. धम्मपाल धावत गेले आणि टाकीत उतरले. झाकणाचा कोपरा फुटला होता. आत, तळाशी, एक कबूतर कुजून पडलं होतं. धम्मपाल ते दोन्ही हातांत धरून तसेच पाण्यात उभे राहिले. बाकीची मुलं बरी झाली. दीप्ती दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

सोसायटीच्या बैठकीत विनीत सर म्हणाले, "छाप बघा, तारीख बघा. यात आमची काय चूक?"

पंधरा दिवसांनी धम्मपाल तारेचा ब्रश घेऊन त्या गच्चीवर गेले. मी पिशवीतच होतो. पहिलं अक्षर घासायला घेतलं तोच दर्शनाताई वर आल्या.

"भाऊ, त्या दिवशी तुम्ही पाणी प्यायला होतात?"

"नाही, ताई."

"आत उतरला होतात?"

"नाही."

"मला वास येत होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, औषधाचा असेल. तुमचं नाव होतं ना." मग त्यांनी ब्रश धम्मपालांच्या हातातून काढून घेतला. "पुसू नका. राहू दे ते."

धम्मपाल आता एका कंपनीचा टी-शर्ट घालून टाक्या साफ करतात. पाठीवर दुसऱ्याचं नाव असतं. रचनाने पान बंद केलं. ती मला फेकायला निघाली होती, धम्मपालांनीच अडवलं आणि वर ठेवून दिलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी नळ दुरुस्त करेल, कोणी वायरिंग करेल, स्वतःचं नाव कमवेल. जरूर कमवा. माझं एवढंच मागणं आहे, की नाव उमटवण्याआधी एकदा आपले हात बघा. ते कामाने ओले नसतील तर माझ्यासारख्याला पिशवीतच राहू द्या. वर्तकनगरच्या गच्चीवरचा तो छाप दोन पावसाळे होऊनही तसाच आहे. तारीख अजून स्वच्छ वाचता येते.