लाल लोटा, पिवळा लोटा

मंगळवारी सकाळी खैरबोडीच्या मारुतीपुढे अर्धं गाव उकिडवं बसलं होतं आणि सगळ्यांचे डोळे निकेशच्या लघवीवर खिळले होते. हळदीबाबाने पितळी लोट्यात चिमूटभर हळद टाकली, काडीने ढवळली आणि लोटा गर्दीपुढे तिरपा केला. आतलं पाणी लालभडक झालं होतं. बायकांनी हात जोडले, बाप्यांनी मोबाइल वर धरले.

"हे मूत नव्हे बाळांनो, ही वैऱ्याची करणी आहे," बाबा डोळे मिटून म्हणाला. "पोराच्या पोटात नाग बसलाय. त्याला रोज आत सोडते ती रबराची नळी."

ती नळी रोज घालणारी दीपिका, निकेशची बायको, खाली मान घालून बसली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

दोन वर्षांपूर्वी भाताच्या तणसाने भरलेल्या ट्रॉलीवरून पडून निकेशचा कणा मोडला होता. कमरेखालचं अंग गेलं आणि लघवी लागल्याचं कळणंही गेलं. दीपिका चार-चार तासांनी हात धुऊन नळी घालायची आणि मूत्राशय रिकामं करायची. ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात स्वाती सिस्टरने तिला हे शिकवलं होतं. तेव्हाच बजावलंही होतं, "ज्याची लघवी नळीनं काढा लागते, त्याच्या लघवीत जंतू सापडतेच. वास आला, गढूळ दिसली, एवढ्यानं त्याले आजार म्हणू नको. अन् त्याले खाली कळत नाई, म्हणून जळजळ होते असं तो कधी सांगनार नाई. ताप, हुडहुडी, पाय आपोआप ताठ होनं, दोन नळ्यांच्या मधातच लघवी गळनं, हे दिसलं का धावत ये. मग तपासून ठरवू."

सासू वच्छलाबाईंच्या नाकाला हे काही पटलं नाही. वास येतो म्हणजे पोराला काहीतरी लागलंच आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पोरगा दोन वेळा पोटभर जेवत होता, मोबाइलवर क्रिकेट बघून खेळाडूंना शिव्या देत होता, तरी त्याला बाबापुढे आणलं गेलं.

बाबाचा इलाज मोठा शास्त्रोक्त होता. नळी बंद, पाणी कमी, पोटावर हळदीचा लेप आणि तीन मंगळवार हजेरी. लोटा कसा आणायचा, तेही तोच सांगे. पहिल्या दोन मंगळवारी तळाशी घरच्या चुलीची तीन चिमटी राख, म्हणजे नजर लागत नाही. तिसऱ्या मंगळवारी तळाशी चिंचेचा कोळ, म्हणजे देव गोड होतो.

"आई, नळी बंद केली त मूत आतच तुंबन," दीपिका म्हणाली.

"तुले बाबापेक्षा जास्त समजते काय?"

दीपिकाने दोनदा चोरून नळी घातली. तिसऱ्यांदा वच्छलाबाईंनी पकडलं आणि नळी चुलीत घातली. त्यानंतर लोट्यात आपोआप गळेल तेवढीच लघवी येई.

तिसऱ्या मंगळवारी लोट्यातली हळद पिवळीधमक राहिली. बाबाने नाग गेल्याचं जाहीर केलं, गावाने जयजयकार केला, वच्छलाबाईंनी दारात मांडव टाकून भंडारा घातला. त्याच वेळी घरात निकेश तापाने फणफणत होता, दात वाजत होते. निर्जीव पाय खाटेवर झटके देत होते आणि गोधडी ओली होती. सिस्टरने सांगितलेलं सगळं एका खाटेवर जमा झालं होतं.

"आई, जीप बोलवा. मरन तो."

"पिवळं झालं नाई का? नाग निंगून राह्यला, म्हणून थरथरते."

जीपवाला प्रवीण पंगतीत बसला होता. बाबाच्या परवानगीशिवाय तो उठायला तयार नव्हता. दीपिका मोरीत गेली आणि रडत रडत लेपाने माखलेली चादर साबणाने घासू लागली. हळदीचे पिवळे डाग बघता बघता लाल झाले. हे तिने जन्मभर पाहिलं होतं, पण या वेळी हात थांबला. ती चुलीकडे धावली.

थोड्या वेळाने ती दोन लोटे घेऊन मांडवात आली. "बाबा, माह्या माहेरच्या दोघांची लघवी हाये. पाहून द्या."

बाबाने हळद टाकली. एक लोटा लाल झाला, एक पिवळा राहिला. "हा शुद्ध आहे," तो म्हणाला, "पण या लालवाल्याला अडीच दिवस उरलेत. घरच्याच बाईने घात केलाय."

दीपिकाने लाल लोटा उचलला आणि पंगतीसमोर घटाघटा प्यायली.

"दोन्हींत आपल्या विहिरीचं पानी हाये," तिने तोंड पुसलं. "यात राख होती, त्यात चिंच. अडीच दिवस कोनाचे उरले, विहिरीचे काय?"

राखेत आणि साबणात अल्कली असते, तिने हळद लाल होते. चिंच आंबट, तिच्यात पिवळी राहते. बाबाने तिन्ही मंगळवारी राख आणि चिंच तपासली होती. निकेशकडे त्याने बघितलंसुद्धा नव्हतं. पोरगा धड होता तेव्हा त्याला आजारी ठरवलं आणि मरायला टेकला तेव्हा बरा ठरवलं.

प्रवीण हात न धुता उठला. बाबा मांडवाच्या मागून सटकला.

दवाखान्यात लघवीत पू सापडला, रक्तात जंतू सापडले. तुंबलेली लघवी वर चढून दोन्ही मूत्रपिंडं सडवून गेली होती. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस आधी आणायला हवं होतं." निकेश चौथ्या दिवशी पहाटे गेला.

खैरबोडीत त्यानंतर सगळ्यांनाच आठवू लागलं, की आपला बाबावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. मोबाइलमधले व्हिडिओ पटापट पुसले गेले. अरे लेकांनो, तेव्हा एकाने तरी विचारायचं, की लोट्यात साधं पाणी घातलं तर काय होईल? एवढा एक प्रश्न विचारायला ना शिक्षण लागतं, ना हिंमत. आजार कशाला म्हणायचं हे माणसाकडे बघून आणि तपासून ठरतं. जो माणसाकडे न बघता निकाल देतो, त्याला हाकलून लावा, मग तो भगव्यात असो की पांढऱ्या कोटात.

दीपिका जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला ठाण्यात गेली. जमादाराने विचारलं, "साक्षीदार कोण?" गावातलं एकही नाव तिला सुचेना. मागे भिंतीला टेकून वच्छलाबाई उभ्या होत्या. त्या टेबलापाशी आल्या आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

"माहं लिवा," त्या म्हणाल्या. "मीनंच नेलं त्याच्यापाशी माह्या पोराले. नळी बी मीनंच जाळली. तेही लिवा."