उपप्रश्न

सृष्टी गेली तेव्हा तिचा चेहरा इतका सुजला होता, की दवाखान्यात आलेल्या तिच्या मामानं शेजारच्या खाटेवरच्या मुलीलाच आपली भाची समजून रडायला सुरुवात केली. कस्तुराबाईनं त्याला हाताला धरून बरोबर खाटेपाशी आणलं. सहा वर्षांची नात. दोन्ही किडन्या गेल्या, एवढं डॉक्टर म्हणाले. कशानं गेल्या ते म्हणाले नाहीत.

कशानं, ते पिंपळदऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्यानं गेलं की आत माळावर ही धनगरांची वस्ती होती. वरच्या अंगाला दगडाची जुनी खदान. शहर त्या बाजूनं पसरत आलं, कारखान्यांची शेडं उभी राहिली, आणि खदानीत टँकर रिकामे होऊ लागले. आत तांबूस, उग्र काहीतरी असायचं, जवळ गेलं की नाक जळायचं. त्यात दोन वर्षं पाऊस नाही. वस्तीच्या दोन्ही विहिरींना नवं पाणी आलंच नाही. खदानीतून जे झिरपलं तेवढंच तळाला साचून राहिलं. आधी गाभण मेंढ्यांनी गाभ टाकला. मग लेकरांच्या अंगावर चट्टे उठले. मग सृष्टी.

सुकेशनीताई त्या भागाच्या आमदार. भीमनगरात वाढलेल्या, वकिली केलेल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. सृष्टीच्या दहाव्याला त्या वस्तीवर आल्या आणि कस्तुराबाईजवळ जमिनीवर बसल्या. विहिरीतलं पाणी त्यांनी बाटलीत भरून घेतलं, सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, आणि अधिवेशनासाठी प्रश्न टाकला. तो सभागृहाच्या यादीत लागल्याचं सांगायला त्या स्वतः आल्या.

"मावशी, मी मंत्र्यांना विचारणार आहे. सगळ्या सभागृहासमोर."

"मंग त्याला सांगावं लागंल?" कस्तुराबाईनं विचारलं.

"सांगावंच लागतं. उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही त्यांची."

"मला ऐकायचंय ते," ती म्हणाली.

तिचा नवरा मुंजाबा दारात उभा होता. त्याला हे पटलं नव्हतं. "लेकरू गेलं, आता तिथं जाऊन काय ऐकायचं?" तो म्हणाला. पण तो आडवा आला नाही. मेंढरं त्याच्यावर सोपवून कस्तुराबाई ताईंचा सहायक अतुल याच्याबरोबर मुंबईला गेली.

तिला नेण्यात सुकेशनीताईंचा आणखी एक हिशेब होता. प्रेक्षक गॅलरीत नातीची आजी बसली आहे असं भाषणात म्हणता आलं, तर वर्तमानपत्रांत फोटोसकट बातमी येईल, हे त्यांना कळत होतं. त्यात त्यांना गैर काही वाटलं नाही. बातमी आली तर वस्तीचंच भलं होणार होतं.

पर्यावरणमंत्र्यांना सगळे अप्पा म्हणत. वयस्कर, मृदू बोलणारा माणूस. पिंपळदऱ्यातलं पाणी दूषित झालं आहे काय, या प्रश्नाला त्यांचं छापील उत्तर होतं, हे अंशतः खरे आहे. छापील उत्तर मिळालं की सभासदाला उभं राहून पुढचं विचारता येतं. त्याला उपप्रश्न म्हणतात. अध्यक्षांनी सकाळीच बजावलं होतं, वेळ कमी आहे, दोनच उपप्रश्न मिळतील.

पहिल्याला सुकेशनीताई उभ्या राहिल्या. सृष्टीचं नाव घेतलं, वय सांगितलं, गॅलरीकडे हात करून आजी दाखवली. या मृत्यूला जबाबदार कोण, असं विचारलं.

अप्पा सावकाश उठले. "अध्यक्ष महोदय, सदर बालिकेच्या मृत्यूबद्दल मला दुःख आहे. परंतु प्राप्त माहितीनुसार बालिकेस जन्मतःच व्याधी होती. कुटुंबाने वेळेत उपचार न घेता गावठी औषधे दिली. मेंढ्या आणि माणसे एकाच ठिकाणी पाणी पितात, ही देखील वस्तुस्थिती आहे. पाण्यामुळे एकही मृत्यू झालेला नाही."

कस्तुराबाईला ती पुस्तकी भाषा निम्मी कळली. गावठी औषधं, एवढं मात्र नीट कळलं. ती उभी राहिली.

"खोटं हाय," ती म्हणाली. ओरडली नाही, शेजारच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली. "पयल्या दिवशीच दवाखान्यात नेलं तिला. मी नेलं."

गॅलरीत बोलायला बंदी असते. पांढऱ्या कपड्यातली सुरक्षेची दोन माणसं आली. एकानं दंड धरला, दुसऱ्यानं तोंडासमोर हात धरला. तिचा पदर खुर्चीच्या हाताला अडकला, तो सोडवायलाही ते थांबले नाहीत. फाटला तसा फाटू दिला. खाली काही सभासदांनी मान वर केली, एकदोघं हसले.

सुकेशनीताईंनी ते पाहिलं. बाहेर जाऊन त्या तिला सोडवू शकल्या असत्या. पण एक उपप्रश्न शिल्लक होता, आणि जागा सोडली असती तर तो गेला असता. त्या जागेवरच राहिल्या. त्यांनी दुसरा उपप्रश्न विचारला.

"पाणी पिण्यायोग्य नाही, हे शासनाच्याच अहवालात आहे. मग त्या विहिरी आजही उघड्या कशा? आणखी किती लेकरं पुरायची आम्ही?"

अप्पांनी मागच्या अधिकाऱ्याकडे वळून दोन शब्द ऐकले. मग हात जोडले. "सन्माननीय सदस्यांच्या भावनेशी मी शंभर टक्के सहमत आहे. त्यांच्या मागणीप्रमाणे सदर विहिरी आठ दिवसांत बंद करण्यात येतील."

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. सुकेशनीताई क्षणभर खूश झाल्या. पुढच्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं. "अध्यक्ष महोदय, विहिरी नव्हे, खदान..." पण पुढचा प्रश्न पुकारला गेला होता आणि त्यांचा माइक बंद होता.

कस्तुराबाईला खाली सुरक्षेच्या खोलीत बसवलं होतं. दंडावर बोटं उमटली होती.

"काय म्हनला मंग तो?"

"विहिरी बंद करणार म्हणाले."

"आन् खदान?"

"तेही होईल. आधी विहिरी."

"मंग प्यावं काय आमी?"

"टँकर येईल," सुकेशनीताई म्हणाल्या. टँकरचं नाव मंत्र्यांनी काढलंच नव्हतं. पण त्या बाईसमोर दुसरं काही सुचलं नाही.

कारवाई खरोखरच झाली. जेसीबी आला, सोबत पोलीस आले. दोन्ही विहिरी मुरूम टाकून बुजवल्या आणि वर सिमेंटचा थर दिला. लोकांनी पाया पडून सांगितलं, निदान एक तरी मेंढरांपुरती ठेवा. जेसीबीबरोबर आलेला साहेब म्हणाला, "तुमच्याच आमदाराची मागणी आहे. विधानसभेत झालेली." खदानीकडे कोणी फिरकलं नाही. तिचं नाव हुकमात नव्हतं.

टँकर आला नाही. ग्रामपंचायत म्हणाली, वस्ती आता शहराच्या हद्दीत गेली. शहरवाले म्हणाले, हद्द जाहीर झाली आहे, ताबा मिळालेला नाही. सुकेशनीताईंनी फोन केले, पत्रं दिली, एका अधिकाऱ्याच्या दारात बसून राहिल्या. तो चहा पाजून म्हणाला, "मॅडम, तुमचं काम मनापासून करायचंय, पण कोणत्या नियमात?" वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन रस्त्यापर्यंत जाऊ लागल्या आणि जाता-येता कस्तुराबाईच्या दारासमोर थुंकू लागल्या. हिला मुंबई दाखवायला नेली आणि आपल्या विहिरी गेल्या, असं त्या तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत.

माणसांपुरतं पाणी कसंबसं मिळे. मेंढरांना कुठून मिळणार? मे महिन्यातल्या एका दुपारी कळपाला वाऱ्यावर पाण्याचा वास लागला आणि मेंढरं उधळली, सरळ खदानीकडे. मुंजाबा मागं धावला. तो पोचला तेव्हा पुढची मेंढरं पीत होती, मागची त्यांना आत ढकलत होती. त्यानं काठी टाकली आणि मांडीएवढ्या पाण्यात उतरून एकेकीला कानाला धरून ओढायला लागला. पाय जळायला लागले तरी तो बाहेर आला नाही. ज्या बाहेर काढल्या त्या काठावर पाय झाडत पडल्या. लोक धावत आले तेव्हा तो मेलेल्या मेंढीला ओढत होता. त्याला खेचून वर काढलं, तर धोतराबरोबर कातडं सोलून आलं.

डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. सुकेशनीताई दवाखान्यात भेटायला गेल्या. कस्तुराबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं त्यांना बसायला जागा करून दिली.

"मावशी, मी हे सोडणार नाही," ताई म्हणाल्या. "पुढच्या अधिवेशनात..."

"नगं," कस्तुराबाई म्हणाली. "ताई, तुमच्या पाया पडते. आता आमचं काय इचारू नका कुनाला."

त्यांनी विचारलंच. तोवर पिंपळदरा उठून गेला होता. कोणी लासूर स्टेशनला पाहुण्यांकडं, कोणी शहरात रोजंदारीला. उत्तर दोन ओळींचं आलं, सदर ठिकाणी वस्ती अस्तित्वात नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही. त्या दिवशी लॉबीत अप्पा भेटले. "विहिरींचं काम झालं ना तुमच्या?" त्यांनी आपुलकीनं विचारलं. "पहिल्याच वर्षी एवढं कुणाला जमत नाही हो." ते चेष्टा करत नव्हते.

दिवाळीनंतर माळावर प्लॉट पडले. खदान वरून माती ढकलून बुजवली आणि तिथं बागेची पाटी लागली. तिकडं जाणारा रस्ता आमदार निधीतून होता, त्यामुळं भूमिपूजनाला सुकेशनीताईंना जावं लागलं. मांडवामागं बायका डोक्यावर घमेली घेऊन खडी वाहत होत्या. त्यांत कस्तुराबाई होती. ताई फेटेवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेल्या आणि "मावशी," म्हणाल्या.

मुकादमानं घाईघाईनं मध्ये येऊन विचारलं, "काय गं, ताई ओळखीच्या हैत का तुझ्या?"

कस्तुराबाईनं घमेलं डोक्यावर नीट केलं. तिनं ताईंच्या तोंडाकडं पाहिलं, पुरतं पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "म्या कुठून ओळखू मोठ्या मानसाला."

ती खडीच्या ढिगाकडं निघून गेली. मांडवातून अतुल हाका मारत होता, मुहूर्त टळत होता. सुकेशनीताई परत फिरल्या, कुणीतरी हातात कुदळ दिली, आणि फोटोवाला म्हणाला, जरा वर बघा.