सूर्यभानचा डावा पाय

सूर्यभानचा डावा गुडघा पहिल्यांदा दगा देऊन गेला तो राहुरीच्या अलीकडं, भर दुपारी. गाडीत हैदराबादचं एक कुटुंब होतं, शिर्डीचं दर्शन आटोपून शिंगणापूरला निघालेलं. रस्त्याचं काम चाललेलं, पुढं-मागं उसाच्या ट्रॉल्या, आणि दोन तास झाले तरी गाडी म्हणावी तशी हलेना. क्लच दाबायचा, पहिला गिअर टाकायचा, चार हात पुढं सरकायचं, पुन्हा क्लच. किती वेळा झालं याला गणती नाही. मग एकदा पाय क्लचवर गेला आणि गुडघ्यात कुणी खुंटी ठोकावी तशी कळ उठली. पाय आपोआप सुटला. गाडीनं हिसका खाल्ला, ट्रॉलीतून लोंबणारी उसाची टोकं काचेवर खरखरली आणि इंजिन बंद पडलं.

मागच्या सीटवरच्या आजींनी काय झालं म्हणून विचारलं. सूर्यभाननं मागं न बघताच सांगितलं, क्लचप्लेट खराब झालीय, जुनी गाडी आहे, चालायचंच.

क्लचप्लेट त्यानं मागच्या दिवाळीतच नवी टाकली होती.

सूर्यभान राहात्याचा. सत्तावीस वर्षं स्टेअरिंगवर होता, त्यातली अकरा याच सात सीटच्या डिझेल गाडीवर. स्टँडवरची तरुण पोरं त्याला नाना म्हणत. घाट असो, पाऊस असो, पार्टी नाजूक असेल तर ट्रॅव्हलवाले त्याचंच नाव पुढं करत. अशा माणसाला आपला पाय आपलं ऐकत नाही हे कुणाला सांगायचं, हेच कळेना. नगरला जाऊन त्यानं एकट्यानंच डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी झिजलीय. ऑपरेशनची वेळ अजून आली नाही, पण क्लच सोडा. उजवा पाय ठणठणीत आहे, बिनक्लचची गाडी चालवायला हरकत नाही. एक्स-रेच्या फोटोचं पाकीट त्यानं ड्रायव्हर सीटच्या कव्हरखाली सरकवलं आणि बायकोला, मनकर्णाला, टायर बघायला गेल्तो असं सांगितलं.

त्या दिवसापासून त्याला बसल्या जागी चैन पडेना. पहाटे उठून गाडीभोवती फिरायचा. चहा अर्धा ठेवून स्टँडवर जायचा, तिथून घरी यायचा, घरून पुन्हा स्टँडवर. भाडं आलं की आधी विचारायचा, कोणत्या रस्त्यानं जायचंय. नगरकडचं असलं की काहीतरी कारण काढून दुसऱ्याला द्यायचा.

बिनक्लचची गाडी घ्यायची, इतकं सरळ होतं. पण त्याच्या डोक्यात ते सरळ बसेना. स्टँडवर कुणी ऑटोमॅटिक घेतली की पोरं दात काढत. ती गाडी डॉक्टरांची, साहेब लोकांची. भाड्याच्या धंद्याला, त्यातून नानानं, ती कशाला घेतली? असं कुणी विचारलं, की लगेच सगळ्यांचे डोळे पायाकडं जाणार. आणि एकदा का ट्रॅव्हलवाल्यांच्या कानावर गेलं, की सूर्यभानचा पाय गेलाय, की झालं.

मग तो लोकांना विचारत सुटला. तुमी ही गाडी का घेतली? ती का न्हाई घेतली? जो भेटेल त्याला हेच.

स्टँडवरच्या पंकजनं इलेक्ट्रिक घेतली होती. तिलाही क्लच नव्हता. गाडी पाण्यासारखी चालते, पंकज म्हणाला, पण लांबचं भाडं असलं की जीव मीटरच्या आकड्यात अडकतो. परवा सिन्नरला चार्जिंगला दोन गाड्या पुढं होत्या आणि पार्टीचं विमान होतं. सीएनजीवाल्यांनी सांगितलं, पंपावर रांगा आणि डिकीत टाकी. सहा माणसांच्या बॅगा काय डोक्यावर घ्यायच्या? श्रीरामपूरच्या अश्विनी मॅडम रोज नेवाशाला कॉलेजात शिकवायला जात. त्यांच्या लग्नात नवरीची गाडी सूर्यभाननंच चालवली होती, म्हणून त्यांना विचारायला संकोच वाटला नाही. त्यांच्याकडं हायब्रीड होती. पेट्रोल टाकायचं आणि निघायचं, बॅटरी चालता चालता आपली आपण भरते. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, मी एकटी परत येते. अंधार पडल्यावर अनोळखी ठिकाणी तासभर थांबावं लागू नये, एवढंच माझं कारण. घरी सगळ्यांना मायलेज सांगितलंय."

हे शेवटचं वाक्य सूर्यभानच्या मनात रुतून बसलं.

स्टँडवर हायब्रीड एकाचीच होती, रंगनाथची. रंगनाथ त्याच्याच वयाचा, दोघं एकाच वर्षी लायसन काढायला गेले होते. त्याला कुणीही विचारलं की तो फक्त एकच शब्द बोलायचा, ॲव्हरेज. जाममध्ये इंजिन बंद, गाडी बॅटरीवर सरकते, पेट्रोल जळतच नाही. ऐकणारा मान हलवायचा आणि पुढं काही विचारायचा नाही. क्लच नसल्याचं कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. सूर्यभानच्या डोक्यात एकदम उजेड पडला. नुसती ऑटोमॅटिक घेतली तर लोक पायाकडं बघतील. हायब्रीड घेतली तर मीटरकडं बघतील.

दुसऱ्याच दिवशी त्यानं रंगनाथकडं गाडी चालवायला मागितली. दोघं चितळीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा, रस्ता मोकळा. गाडी आवाज न करता सुटली तसा सूर्यभान दचकलाच. पुढं एक बैलगाडी आडवी आली, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं त्याचा डावा पाय जोरात खाली गेला. तिथं क्लच नव्हताच. टाच थेट तळाला आदळली आणि कळ पार मांडीपर्यंत गेली. त्यानं उजव्या पायानं ब्रेक दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून बसला. चेहरा लपवायला जागा नव्हती.

रंगनाथनं हात लांबवून गाडी बंद केली. मग म्हणाला, "कवापासून?"

"चार महिने झालं," सूर्यभान म्हणाला. "राहुरीला गाडी ट्रॉलीखाली जायची, रंगा. आत सात माणसं हुती. मी क्लचप्लेटवर ढकललं."

रंगनाथनं आपला डावा हात त्याच्यापुढं धरला. "ही दोन बोटं बघ. साखरेनं बधिर झाल्यात. गिअर पडला का न्हाई ते कळायचंच न्हाई. एकदा रिव्हर्सच्या जागी भलताच गिअर टाकला आन् भित्ताडाला धडकलो. आता सांग, मी ॲव्हरेज न्हाई सांगायचं तर काय सांगायचं?"

सूर्यभानला हसू आलं आणि लगेच विझलं. इतकी वर्षं दोघं एका कट्ट्यावर चहा पीत होते, आणि दोघंही एकमेकांपासून आपापला अवयव लपवत होते. रंगनाथनंच मग बजावलं, की डॉक्टरला नीट विचार, पायाचा व्यायाम चुकवू नको, आणि नवी गाडी घेतली तर पंधरा दिवस रिकामी चालव, पाय क्लच विसरेपर्यंत पॅसेंजर भरू नको.

पैशाची जुळणी व्हायला पुढची दिवाळी आली. जुनी गाडी द्यायच्या आदल्या सकाळी मनकर्णा ती धुवायला उतरली. सीटची कव्हरं काढताना पाकीट तिच्या हाती लागलं. तिनं ते उघडलंही नाही, तसंच आणून त्याच्यापुढं ठेवलं. सूर्यभान सबबी जुळवू लागला. तिनं त्याला थांबवलं.

"उंबरा वलांडताना तुमी हातानं पाय उचलता," ती म्हणाली. "मला कवापासनं दिसतंय. सांगाल म्हनून वाट बघत हुते."

राग तिला आजाराचा नव्हता. दर खेपेला तो बाहेर पडला की ती देवापुढं बसून राही, आणि तो परत आल्यावर टायरच्या गोष्टी सांगे, याचा होता. त्या दिवशी ती त्याच्याशी फारशी बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी शोरूमला मात्र बरोबर आली.

शोरूममधल्या मुलीनं नव्या हायब्रीडची किल्ली देण्याआधी एक कागद पुढं केला. ही गाडी का निवडली, खूण करा. मायलेज, पर्यावरण, कमी आवाज, देखभाल, इतर. सूर्यभानचा पेन सवयीनं मायलेजवर गेला आणि तिथंच अडखळला. मनकर्णा शेजारी बसून कागदाकडं बघत होती. तिला वाचता येत होतं. त्यानं पेन खाली सरकवला, ‘इतर’ पुढं खूण केली आणि मोकळ्या ओळीवर लिहिलं, डावा गुडघा. मुलीनं वाचून विचारलं, "म्हणजे, काका?" त्यानं सांगितलं. पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं, आणि काही आकाश कोसळलं नाही.

स्टँडवर मात्र कोसळेल असं त्याला वाटत होतं. त्यानं पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, दुसऱ्यानं सांगण्याआधी. दोन-तीन पोरं हसली. एका ट्रॅव्हलवाल्यानं महिनाभर फोन केला नाही, ते सूर्यभानला लागलं. पण आठवडाभरात पुंजाराम नावाचा टेम्पोवाला त्याला बाजूला घेऊन कंबरेबद्दल विचारू लागला, मग आणखी एकजण खांद्याबद्दल. सूर्यभान दोघांना नगरच्या डॉक्टरांचा पत्ता देऊन मोकळा झाला.

पंधरा दिवस तो रिकामी गाडी चालवत राहिला, मनकर्णाला शेजारी बसवून. कधी कोपरगाव, कधी नेवासा. तिला एवढी हिंडलेली तो पहिल्यांदाच बघत होता. पुढं एखादी गाडी थांबली की त्याचा डावा पाय अजून उचलला जायचा. मनकर्णा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि पाय पुन्हा खाली बसायचा. सोळाव्या दिवशी नगरचं भाडं आलं. त्यानं रस्ता विचारला नाही. फक्त डबा भरायला सांगितलं आणि किल्ली घेतली.