भाच्याचं तिसरं मागणं

माझ्या नवऱ्याची लाल गाडी दोन दारांची आणि इतकी बुटकी होती की तिच्यात बसायचं नसे, पडायचं असे. लग्नाआधी मेइरमानने ती जपानहून मागवली होती आणि तिच्या जोरावर माझ्यावर छाप पाडली होती. मी तेव्हा मूर्ख होते, गाडीकडे बघून हो म्हटलं. पुढे दोन मुलं झाली, सासूबाई आमच्याकडे ताराझ शहरात राहायला आल्या, तरी गाडी आपली तीच.

सासूबाईंचं नाव उल्बोसिन, पण सगळी गल्ली त्यांना आपा म्हणते. अंगाने भरलेल्या, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला गेलो, तेव्हा त्या मागच्या सीटवर बसल्या त्या बसल्याच. हॉलच्या दारात लोक नवरीला सोडून आमच्या गाडीभोवती जमले. शेवटी दोन व्याही आणि लग्नात दोंब्रा वाजवायला आलेला गवई, अशा तिघांनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं. केस सावरत त्यांनी सगळ्यांसमोर मुलाला सांगितलं, "या डबीत आता मी मेल्यावरच बसेन. तेव्हा घडी घालून ठेव."

तेव्हापासून त्या घरातच. त्याचं त्यांना फार वाईट वाटत नव्हतं, पण एक गोष्ट मनाला लागली होती. त्यांची थोरली बहीण वाळूच्या मुलखात, कोक्तेरेकला राहते. दोघींची दोन वर्षं भेट नव्हती. थोरली फोनवर रोज धमकी द्यायची की यंदा आली नाहीस तर पुढच्या वर्षी कबरीवर ये, तिथे मी तुझ्याशी भांडायला नसेन. घोडीचं दूध निघायला लागलं की आपांना तिकडे जायचं होतं. तीन तास चांगला डांबरी रस्ता, आणि पुढे तासभर नुसती वाळू आणि खड्डे. डांबर संपलं की टॅक्सीवाले गाडी वळवून घरी जातात.

म्हणून मोठी गाडी घ्यायचं ठरलं. सात जणांची, उंच, दार आपोआप सरकणारी, आणि दार सरकलं की खालून अलगद पायरी बाहेर येणारी. त्या पायरीचा फोटो आपांनी माझ्या फोनवर इतक्या वेळा पाहिला, की मला वाटलं पायरी तेवढी विकत आणली तरी चालेल. लाल गाडी मेइरमानने एका अविवाहित पोराला विकली आणि दोन दिवस जेवला नाही.

इथवर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण पेटलं ते पुढे. गाडी विकत घ्यायची की लीजवर?

पैशांचा प्रश्न नव्हता. मेइरमान दात बनवतो आणि आमच्याकडे कडक मांस चावून चावून लोकांचे दात लवकर झिजतात. प्रश्न होता एल्झासचा. हा त्याचा भाचा, बहिणीचा मुलगा, आणि कोक्तेरेकलाच घोडे पाळतो. आमच्यात भाचा आयुष्यात तीनदा आजोळी येऊन वाटेल ते मागू शकतो, मामाने ते द्यायचं. नाही म्हटलं तर मामाचे हात थरथरायला लागतात असं सगळे मानतात. दात बनवणाऱ्या माणसाला हे कसं परवडेल?

एल्झासने पहिलं मागणं सातव्या वर्षी केलं. मेइरमानने शर्यतीसाठी तयार केलेलं शिंगरू घेऊन तो गेला. दुसरं स्वतःच्या लग्नाच्या वेळी. तेव्हा माझ्या सासऱ्यांची शिकारीची बंदूक गेली. तिसरं अजून शिल्लक होतं. त्यामुळे हा पठ्ठ्या दारात दिसला की माझा नवरा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालायचा. आणि नेमकं मार्च महिन्यात एल्झासने फोनवर सहज विचारलं होतं, मामा, मोठी गाडी घेताय म्हणे?

झालं. त्या दिवसापासून मेइरमानच्या डोक्यात लीज शिरली.

"गाडी माझी नसेलच, तर तो मागणार काय?" तो म्हणाला. इतका खूश झाला होता, जणू साऱ्या जगातल्या मामांना त्याने सोडवलं होतं.

मी त्याला परोपरीने समजावलं. भाड्याच्या गाडीत मुलांना चिप्स खाता येणार नाहीत. मागे बकरी टाकता येणार नाही. आणि एल्झास काही दरोडेखोर नाही, मागितलीच तर मागितली, घरातल्याच माणसाकडे जाईल. पण ऐकतो कोण. कंपनीच्या ऑफिसात एका गोड मुलीने आम्हाला नियम वाचून दाखवले. दुसऱ्या कोणी चालवायची नाही. जनावर न्यायचं नाही. डांबरी रस्ता सोडायचा नाही. इथे मी टेबलाखालून मेइरमानच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याची सही वाकडी आली. पण आली.

"आपांच्या कोक्तेरेकचं काय?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"वर्षभरात तिकडे डांबर होणार आहे."

"तुझी सुन्नत झाली तेव्हापासून होतंय ते."

तो रस्ता काही व्हायचा नाही.

गाडी दारात आली तेव्हा आपा मिठाईने भरलेला वाडगा घेऊन उभ्या होत्या. नव्या वस्तूवर, नव्या सुनेवर गोड उधळायचं असतं. त्यांनी मूठ भरली आणि थबकल्या.

"आपलीच ना?" त्यांनी विचारलं.

मेइरमानने घसा खाकरला आणि लीज म्हणजे काय ते सांगायला लागला. आपांनी मूठ परत वाडग्यात रिकामी केली. ज्याची गाडी आहे त्याच्या आईने उधळावं, म्हणाल्या. मग पायरीवरून चढल्या, आत बसल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. आतूनच त्यांनी विचारलं, कोक्तेरेकला कधी निघायचं? मेइरमानला डांबराचा नियम सांगावा लागला. त्या पायरीवरून उतरल्या आणि सरळ घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी दार लावून त्या बराच वेळ फोनवर बोलत होत्या. मला वाटलं, बहिणीशी.

रविवारी एल्झास आला. त्याची जीप हिरवी, पण एक दार निळं, आणि धुराचं नळकांडं तारेने बांधलेलं. सोबत घोडीच्या आंबट दुधाचा कॅन. मी मांस उकडलं, रुंद शेवया केल्या, सगळे पोटभर जेवले. मेइरमानने त्या दिवशी घड्याळ काढलं नाही. उलट भाच्याला स्वतः खिडकीशी नेऊन गाडी दाखवली, सरकणारं दार दाखवलं, पायरी दाखवली. मला त्याची कीव आली.

चहा झाल्यावर एल्झासने पुरे म्हणून चहाची वाटी पालथी घातली. "मामा, माझं एक मागणं राहिलंय."

"माग की," मेइरमान म्हणाला. "फक्त एवढं सांगतो, ती बाहेरची गाडी माझी नाही."

"गाडी कोणाला हवीय? मला आजी द्या."

मेइरमान हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कोणीच हसत नाहीये.

"आजी म्हणजे काय घोडा आहे का रे?"

"घोडा मागितला तेव्हा दिलास," आपा म्हणाल्या. "बंदूक मागितली तेव्हा दिलीस. ती माझ्या नवऱ्याची होती. मला विचारलं होतंस?"

"आई, तू काय वस्तू आहेस?"

"वस्तू नाही. पण तुझी तर आहे ना? की मीसुद्धा भाड्याची?"

मेइरमानच्या हातातली वाटी हलत होती, चहा बशीत सांडत होता. त्याने अजून नाही म्हटलंही नव्हतं.

आपांची पिशवी आधीच भरलेली होती, दाराआड ठेवलेली. फोन कोणाला केला होता ते मला तेव्हा कळलं. मी विचारलं, परत कधी येणार? एल्झास खाली बघत म्हणाला की मामी, मागून नेलेलं परत देत नाहीत. मी त्या बाईशी बारा वर्षं मिठावरून, चुलीवरून, मुलांच्या टोप्यांवरून भांडले आहे. तरी मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

मेइरमान म्हणाला, निदान डांबर संपेपर्यंत तरी मी सोडतो. आपा म्हणाल्या, राहू दे, उगाच तुझ्या गाडीचे नियम मोडतील. एल्झासने जीपच्या दाराशी पिठाचं पोतं टाकलं. त्यावर पाय देऊन त्या कोणाचाही हात न धरता वर चढल्या. मी आत धावले, मिठाईचा तो वाडगा आणला आणि सगळाच्या सगळा त्या मोडक्या जीपवर उधळला.

आता आम्ही सुटीच्या दिवशी डांबर संपेपर्यंत जातो. पलीकडून एल्झासची जीप धूळ उडवत येते. दोघी बहिणी उतरतात, उन्हाने काळ्या झालेल्या, एकमेकींवर ओरडत असलेल्या. आम्ही रस्त्याच्या कडेला चादर अंथरून जेवतो. आमच्या गाडीचं दार सरकलं की पायरी बाहेर येते, थोडा वेळ थांबते आणि आत जाते.

मागच्या खेपेला मेइरमानने शेवटी तोंड उघडलं. "आता एल्झासचं मागणं काही उरलं नाही. ही गाडी परत करतो आणि स्वतःची विकत घेतो, वाळूत चालणारी. आई, मग येशील ना घरी?"

आपा हाडावरचं मांस सोडवत होत्या. "मला काय विचारतोस? मी आता याची आहे. याला विचार."

मेइरमानने भाच्याकडे पाहिलं. एल्झासने हात पुसले, डोकं खाजवलं.

"दिली असती मामा," तो म्हणाला. "पण मामाने भाच्याकडे काही मागितल्याचं कोणी ऐकलंय का?"

दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसल्या. मीही हसले, मला राहवलं नाही. परतताना मेइरमान डांबरावरून अगदी सावकाश गाडी चालवत होता आणि मधल्या रिकाम्या सीटकडे आरशातून बघत होता.