पाणी मागं सरलंय

ओवीच्या शाळेला सुट्टी लागली आणि कल्याणीने मनावर घेतलं. मे महिन्यात पुण्यातल्या फ्लॅटमध्ये भाजून निघण्यापेक्षा धरणाच्या काठावर, लाकडी केबिनमध्ये एखादा शनिवार-रविवार काढायचा. तिचा नवरा अभिनव खराडीच्या ऑफिसातून रोज वैतागूनच घरी यायचा. तो म्हणाला, "एसी नाही, पंख्याचा भरवसा नाही. आणि त्याचे आपण पैसे देणार. ठरव तू."

तिने बुधवार पेठेतून चार्जिंगचा कंदील आणला, डासांची मलमं आणली आणि केबिनवाल्यांना फोन लावला. वेबसाइटवर दोन नंबर होते. पहिला लागेना, म्हणून दुसरा लावला. एका बाईने उचलला.

"बोला."

"केबिनबद्दल विचारायचं होतं. तिकडे उन्हाचं कसं आहे हो?"

"आत्ता वारं पडलंय," बाई सावकाश म्हणाली. "पाणी मागं सरलंय. जांभळीपासनं खालपर्यंत चिखल वाळून भेगाळलाय. टिटव्या बसल्यात."

कल्याणीला बरं वाटलं. काठावर बसून कोणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटलं. मग अंथरुणं, चूल, साप, काहीही विचारायचं असलं की ती त्याच नंबरवर फोन करायची. बाईचं नाव तुळजाबाई. ती सगळ्याची उत्तरं द्यायची, पण आधी पाण्याचं काय चाललंय ते सांगायची.

"पोरगी केवढी तुमची?" तिने एकदा विचारलं.

"सहा वर्षांची. पोहायच्या क्लासला जाते."

"क्लासात तळाला फरशी असती." मग म्हणाली, "कडेच्या केबिनीसमोर पाण्याखाली खडक हाय. त्याच्यावर उभं ऱ्हायलं की गुडघाभर पाणी. पुढचं पाऊल टाकलं की खाली काहीच न्हाय. पोरीला तिकडं सोडू नका."

एका दुपारी कल्याणी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर ओवी तिच्या मोबाइलवर बोलत बसली होती.

"कोणाचा फोन?"

"धरणावरच्या मावशीचा. तिची छकुली पण माझ्याएवढी आहे. मी विचारलं कुठे आहे, तर म्हणाली समोरच आहे, पाण्यात."

"पोहतेय?"

"नाही. उभी आहे. बाहेर येतच नाही म्हणे."

कल्याणीने फोन हातातून काढून घेतला. कॉल संपलेला होता. तिने त्याच मिनिटाला पहिला नंबर लावला. या वेळी तो लागला. मालक रावसाहेब बोलत होते.

"बाई? आमच्याकडे बाई कोणी नाही," ते म्हणाले. तिने नंबर वाचून दाखवला, तो त्यांनी ओळखला. मग म्हणाले, "तो नंबर काढून टाकायला सांगितलं होतं मी. तुळजाबाई आमच्याकडे स्वयंपाक करायच्या. त्यांची मुलगी गेली, पाण्यात. पार पलीकडच्या काठाला सापडली. कुठे पाय घसरला ते कुणालाच कळलं नाही. त्यानंतर त्या मार्केट यार्डाकडे राहायला गेल्या. नवरा तिथे हमाली करतो. इकडे पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही त्यांनी."

"कडेच्या केबिनसमोर खडक आहे का हो, पाण्याखाली?"

"नाही. मी जन्मापासून इथे आहे. खडक-बिडक काही नाही."

त्या आठवड्यात पाणी कधी नव्हे इतकं उतरलं. रावसाहेबांनी आपणहून फोन केला. आवाज बसलेला होता. "अहो, खडक वर आलाय. तुम्ही म्हणालात तिथेच. त्या बाईंना एकदा घेऊन येता का? आणखी कुठे काय आहे ते दाखवतील. माझा फोन त्या घेत नाहीत."

रविवारी ओवीला आजीकडे सोडून कल्याणी आणि अभिनव मार्केट यार्डात गेले. कांद्याच्या गोदामांमागे एक खोली होती. दारातच गेनबा, तुळजाबाईचा नवरा, भेटला.

"दिवसभर अशीच बसती," तो हळू म्हणाला. "फोन काढून घेतला तर जेवत न्हाय."

आत खिडकीसमोरच्या खाटेवर तुळजाबाई बसली होती. केस चापूनचोपून बांधलेले, मांडीवर मोबाइल. खिडकीबाहेर हातभर अंतरावर गोदामाची भिंत होती. आकाशही दिसत नव्हतं.

"मी कल्याणी."

"ओवीला आणलं न्हाय ते बरं केलं." तिने भिंतीवरची नजर काढली नाही. "आज गर्दी हाय. निळ्या टोपीवाला गळ टाकून बसलाय जांभळीखाली."

अभिनवने भिंतीकडे पाहिलं. एरवी तो काहीतरी खोचक बोलला असता.

धरणावर येता का, असं कल्याणीने विचारलं. गेनबाला वाटलं, ती नाहीच म्हणेल. पण ती उठली, पदर नीट केला आणि चपला शोधू लागली.

धरणावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. जांभळीखाली निळी टोपी घातलेला एक म्हातारा गळ टाकून बसला होता. अभिनवने कल्याणीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वाळलेल्या चिखलावरून तुळजाबाई सरळ खडकाशी गेली. रावसाहेब मागे उभे राहिले. तिने कपाळावर हात धरून पाण्याकडे पाहिलं. मग डावीकडे, मग उजवीकडे. जत्रेत हातातून मूल सुटावं तशी ती भिरभिर बघू लागली.

"इथनं काहीच दिसत न्हाय," ती म्हणाली.

समोर पाणी लख्ख पसरलं होतं. पलीकडच्या डोंगरावरची झाडंसुद्धा मोजता आली असती.

"काय दिसत नाही, तुळजाबाई?"

तिने कल्याणीचं मनगट घट्ट पकडलं. हात त्या उन्हातही गार होता. "घरी चला. लवकर चला. छकुली तिकडं एकटी हाय."

परत येताना ती पूर्ण वेळ पुढच्या सीटला धरून बसली होती. खोलीत शिरताच खाटेवर बसली, भिंतीकडे पाहिलं, आणि तिचे खांदे खाली आले. गेनबाने ताट पुढे केलं. ती जेवली.

रावसाहेबांनी त्या बाजूला तारेचं कुंपण घातलं आणि कडेची केबिन बंद केली. कल्याणीने बुकिंग रद्द केलं. ओवी चार दिवस रुसली, मग विसरली. वेबसाइटवरून तो नंबर गेला. आता तुळजाबाईचा फोन वाजत नाही, असं गेनबा म्हणाला. म्हणून कल्याणी अधूनमधून दुपारी तिला फोन करते, ओवी घरात नसताना. तुळजाबाई पाण्याचं सांगते, ती ऐकून घेते. ते खरं आहे का, हे रावसाहेबांना विचारायचं मात्र तिने सोडून दिलंय.